लिबर्टी फ्लेम्स फुटबॉल संघ

लिबर्टी फ्लेम्स हा अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग येथील लिबर्टी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ आहे. भारतात ज्याला फुटबॉल म्हणतात त्याहून हा खेळ वेगळा असून त्यात लंबगोल चेंडू मुख्यतः हाताने फेकला किंवा नेला जातो.

बाप्टिस्ट धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी १९७१ मध्ये या विद्यापीठाची स्थापना केली. कॅथलिकांमध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाला जे स्थान आहे, ते इव्हँजेलिकल ख्रिस्ती समाजात आपल्या संघाला मिळावे, अशी त्यांची आकांक्षा होती. संघ १९७३ पासून खेळू लागला. १९८९ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सचे माजी प्रशिक्षक सॅम रुटिग्लियानो येथे आले, तरीही अनेक दशके संघ दुय्यम श्रेणीतच राहिला.

परिस्थिती पालटली ती मुख्यतः पैशामुळे. दूरस्थ ऑनलाइन अभ्यासक्रमांमुळे विद्यार्थिसंख्या एक लाखापलीकडे गेली आणि त्या उत्पन्नातून क्रीडासुविधा उभ्या राहिल्या. कोणत्याही परिषदेचे निमंत्रण नसताना २०१७ मध्ये संघाला सर्वोच्च श्रेणीत जाण्याची विशेष परवानगी मिळाली. त्याच वर्षी त्याने बेलर विद्यापीठाला ४८-४५ असे हरवले.

विद्यार्थ्यांसाठी कडक आचारसंहिता असलेल्या या विद्यापीठाने केलेल्या नेमणुका मात्र वादग्रस्त ठरल्या. बेलरमधील लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणानंतर तेथील पद सोडलेले इयान मॅककॉ येथे क्रीडा संचालक झाले. वैयक्तिक वर्तनावरून मिसिसिपी विद्यापीठातून राजीनामा द्यावा लागलेले ह्यू फ्रीझ २०१९ पासून प्रशिक्षक होते. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या सामन्यात त्यांनी रुग्णालयातील खाटेवर पडूनच मार्गदर्शन केले. तो सामना संघाने गमावला. मैदानावरील यश निर्विवाद होते. २०२० मध्ये क्वार्टरबॅक मलिक विलिस याच्या खेळाच्या बळावर संघाने व्हर्जिनिया टेकला नमवले आणि अकरापैकी दहा सामने जिंकले. एका गुणाने झालेला एकमेव पराभव नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून होता.

२०२३ मध्ये संघ कॉन्फरन्स यूएसएमध्ये दाखल झाला. नवे प्रशिक्षक जेमी चॅडवेल यांच्या हाताखाली त्याने सलग तेरा सामने जिंकून परिषदेचे विजेतेपद मिळवले. प्रतिस्पर्धी दुबळे होते, ही टीका तेव्हाही झाली. १ जानेवारी २०२४ रोजी फिएस्टा बोल सामन्यात ओरेगॉनने लिबर्टीचा ४५-६ असा धुव्वा उडवला.