ओव्यातील थायमॉल : एका घरगुती औषधी द्रव्याचे रासायनिक विश्लेषण

प्रस्तावना

पोटात कळ आली की चिमूटभर ओवा मिठाबरोबर चावून खाण्याची रीत धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील घराघरांत आजही आढळते. बाळंतिणीचा शेक असो वा लहान मुलाची सर्दी, ओव्याची पुरचुंडी हाताशी असतेच. या परिचित दाण्यात औषधी द्रव्य आहे काय, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातच निकाली निघाला आहे. ते द्रव्य किती आहे, हा प्रश्न मात्र प्रत्येक नमुन्याबाबत नव्याने विचारावा लागतो. ग्रामीण भागातील पदवी महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतही त्याचे उत्तर मिळू शकते. आपल्याकडील अनेक विद्यार्थी-प्रकल्प नेमके तेथपर्यंत पोहोचत नाहीत. प्रस्तुत लेखात या मुद्द्याचे विवेचन केले आहे.

दख्खनच्या बाजारातील ‘ओव्याचे फूल’

ओव्याच्या तेलापासून मिळणारे पांढरे स्फटिक ‘ओव्याचे फूल’ या नावाने आपल्याकडे पूर्वापार विकले जातात. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल हे तीन घन पदार्थ एकत्र करताच त्यांचे पाणी होते व त्यासच आपण अमृतधारा म्हणतो. (मिश्रणाचा वितळबिंदू घटकांच्या वितळबिंदूपेक्षा खाली उतरतो, हे शिकविण्यास याहून सोपा प्रयोग प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.) पुणे व दख्खनच्या इतर गावांतील दुकानांत मिळणारे हे फूल म्हणजे युरोपातील थाइम वनस्पतीत सापडणारे थायमॉलच होय, असे स्टेनहाउस यांनी १८५५ मध्ये व हेन्स यांनी १८५६ मध्ये दाखवून दिले. फ्ल्यूकिगर आणि हॅनबरी यांच्या ‘फार्माकोग्राफिया’ (१८७४) या ग्रंथात ही नोंद आहे. पुढे पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातून ओवा जर्मनीस जात असे व तेथे त्यापासून थायमॉल तयार होत असे. आज ते मुख्यत्वे मेटा-क्रेसॉलपासून संश्लेषणाने बनते.

दाण्याची रचना

ज्यास आपण ओव्याचे बी म्हणतो ते वनस्पतिशास्त्रानुसार फळाचे अर्धुक आहे. ट्रॅकिस्पर्मम अम्मी ही वनस्पती धने, जिरे, बडीशेप यांच्याच कुलातील होय. फळाच्या भित्तीत सूक्ष्म तैलनलिका असतात व बाष्पनशील तेल त्यांत साठलेले असते. अखंड दाण्याला फारसा वास येत नाही, तळहातावर चुरडताच मात्र तो दरवळतो, याचे कारण हेच. विश्लेषणासाठी ओवा भरडावयाचा तो ऊर्ध्वपातनाच्या अगदी आधी. आदल्या दिवशी पूड करून ठेवल्यास उत्तर आधीच कमी झालेले असते.

अंगणातील पानओवा ही सर्वस्वी वेगळी, तुळशीच्या कुलातील वनस्पती आहे. तिचा वास ओव्यासारखा येतो कारण तिच्या तेलात कार्व्हाक्रॉल असते आणि कार्व्हाक्रॉल व थायमॉल हे परस्परांचे समघटक आहेत. हायड्रॉक्सिल गटाची जागा तेवढी बदलते.

विश्लेषणाची पद्धती

ओव्यात साधारणतः २ ते ४ टक्के बाष्पनशील तेल असते. त्या तेलात बहुधा ३५ ते ६० टक्के थायमॉल व उरलेल्या भागात प्रामुख्याने पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन ही हायड्रोकार्बने असतात.

पहिली चूक ओलावा मोजतानाच होते. नमुना १०५° से. तापमानाच्या भट्टीत ठेवून वजनातील घट म्हणजे ओलावा, असे विद्यार्थी लिहितात. धान्याच्या बाबतीत ते चालते. ओव्याच्या बाबतीत पाण्याबरोबर तेलही उडून जाते व तेही ओलाव्यात जमा होते. येथे टोल्यूइनसह ऊर्ध्वपातन करून पाण्याचे आकारमान प्रत्यक्ष वाचणे हीच योग्य रीत होय.

तेलासाठी १०० ग्रॅम भरड पाण्यासह क्लेव्हेंजर उपकरणात तीन ते चार तास उकळावी. थायमॉलचा उकळबिंदू २३२° से. असूनही ते वाफेबरोबर १००° च्या आतच वर येते. तेल पाण्याहून हलके असल्याने अंशांकित नळीत वर तरंगते व त्याचे आकारमान थेट वाचता येते. तेल काढून घेतलेले दाणे वाळवून चांगल्या मालात मिसळल्यास डोळ्यांना फरक जाणवत नाही, परंतु हा एक आकडा ती लबाडी उघड करतो.

यापुढील पायरी सर्वांत उद्बोधक आहे. थायमॉल फिनॉलवर्गीय असल्याने ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळते, हायड्रोकार्बने विरघळत नाहीत. मोजलेले तेल अल्कलीबरोबर घुसळून स्थिर होऊ दिल्यावर वरच्या थरात जितकी घट दिसेल तितके फिनॉल. (कार्व्हाक्रॉलही यातच मोजले जाते, ही या पद्धतीची मर्यादा आहे.) खालचा थर वेगळा करून त्यात हायड्रोक्लोरिक अम्ल घातले की थायमॉल तेलासारखे सुटते. ते पुष्कळदा थंड होऊनही द्रवच राहते, अशा वेळी थायमॉलचा एक कण आत टाकताच पाहता पाहता स्फटिक धरतात. शुद्ध थायमॉलचा वितळबिंदू सुमारे ५०° से. आहे. मे महिन्यात आपल्याकडील तापमान चाळिशी ओलांडते, तेव्हा किंचित अशुद्ध नमुना टेबलावरच ओलसर होऊ लागतो व अशुद्धतेची ग्वाही न मागता मिळते.

‘अधिक-उणे’ तक्त्यांविषयी

आता थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्याकडील कित्येक शोधनिबंधांत अर्कावर दहाबारा रंगपरीक्षा करून ‘फिनॉल : अधिक’, ‘अल्कलॉइड : उणे’ असे तक्ते दिलेले असतात. साध्या फिनॉलच्या पाण्यातील द्रावणास फेरिक क्लोराइडने जांभळा रंग येतो, थायमॉलला तसा येत नाही. उलट अर्कातील टॅनिनसारखी इतर द्रव्ये हिरवट वा निळसर रंग देऊन मोकळी होतात. म्हणजे जे तेल निम्मेअधिक फिनॉलच आहे त्याबाबत ही परीक्षा काहीच सांगत नाही, मग उत्तर अधिक येवो वा उणे. शहरातील केंद्राकडे नमुना पाठवून मिळालेला वायुवर्णलेखन-वस्तुमानवर्णपटाचा कागद जोडला म्हणजे विश्लेषण झाले, असेही नाही. संगणकाने संग्रहाशी ताडून सुचविलेली वीस नावे ही सूचना असते. प्रमाणित थायमॉल त्याच उपकरणावर चालवून पडताळल्याविना तिला निष्कर्ष म्हणता येत नाही. समघटकांच्या बाबतीत तर ही दक्षता अधिकच हवी, कारण थायमॉल व कार्व्हाक्रॉल यांचे वस्तुमानवर्णपट जवळजवळ सारखे असतात.

मात्रेचा प्रश्न

आकडा हाती असला की औषधी गुणाची चर्चा जमिनीवर येते. एक ग्रॅम ओव्यात ३ टक्के तेल व त्यात निम्मे थायमॉल धरल्यास थायमॉल भरते १५ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत थायमॉल जिवाणूंच्या पेशीपटलास इजा करते व अनेक बुरशींची वाढ रोखते, हे खरे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंकुशकृमींवर ते प्रमुख औषध होते, हेही खरे. मात्र त्यासाठी प्रौढ रुग्णास काही ग्रॅम थायमॉल द्यावे लागे, शोषण वाढू नये म्हणून तेलतूप व मद्य वर्ज्य करावे लागे, आणि विषारी परिणामांमुळे अधिक सुरक्षित औषधे येताच ते मागे पडले. चिमूटभर ओव्याने जंत मरतात, असे या इतिहासाच्या आधारे म्हणता येणार नाही. पोटातील वायूवर आराम पडतो, हा अनुभव त्यामुळे खोटा ठरत नाही. त्याची मात्रा व कार्यपद्धती निराळी आहे, इतकेच.

घरगुती कृतींनाही हाच हिशेब लागू होतो. ओव्याचा काढा उघड्या भांड्यात आटविणे म्हणजे वाफेसह थायमॉल घालवून देणे. स्वयंपाकघरभर पसरलेला वास ही त्याची पावती. झाकण ठेवून थोडा वेळ उकळल्यास ते पाण्यात राहते, कारण एक लिटर पाण्यात सुमारे एक ग्रॅम थायमॉल विरघळू शकते. निखाऱ्यावर ओवा टाकून बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतात, तेव्हा थोडे थायमॉल उडते व दाणा जळून धूरच अधिक होतो. तो नवजात बालकाच्या फुफ्फुसांस अपायकारक आहे. तव्यावर कोमट केलेल्या पुरचुंडीतून तेच द्रव्य धुराविना मिळते, मात्र तीही बाळाच्या नाकापासून दूरच ठेवलेली बरी.