स्त्रियांचा रक्तक्षय आणि त्याचा उपचार

पानिपत हे नाव कानी पडताच मराठी माणसाला १७६१ सालचे रणांगण आठवते. आजचे पानिपत हे हरियाणातील हातमागाचे व लोकरी कापडाचे एक मोठे केंद्र आहे. याच शहरात २२ जानेवारी २०१५ रोजी 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. मुलगी जगावी आणि शिकावी, हा त्या योजनेचा हेतू होय. परंतु जगलेली मुलगी सशक्तही राहावयास हवी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हरियाणातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ६० स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे आढळून आले. महाराष्ट्रातील प्रमाणही सुमारे ५४ इतके होते.

रक्तक्षय म्हणजे काय? रक्तातील तांबड्या पेशींत हीमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त द्रव्य असते. फुप्फुसांतील प्राणवायू सर्व शरीरास पोहोचविण्याचे कार्य ते करते. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तात ते १२ ग्रॅमपेक्षा कमी भरल्यास तिला रक्तक्षय झाला असे समजतात. मग थोड्या श्रमाने धाप लागते, चक्कर येते, कामात मन लागत नाही. 'अंगात रक्त नाही' असे म्हणून घरातील माणसे तिकडे दुर्लक्ष करतात. परंतु अशा स्त्रीला बाळंतपणातील रक्तस्राव सोसत नाही व तिचा जीव धोक्यात येतो.

या रोगाच्या उपचाराचा एक महत्त्वाचा शोध मुंबईत लागला, आणि तोही कापडाच्याच धंद्यातील स्त्रियांमुळे. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका भारतात आल्या. परळ येथील हाफकिन संस्थेत काम करीत असताना त्यांनी गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. हा रोग जंतूंमुळे होत असावा, अशी प्रथम शंका होती; परंतु तसे जंतू सापडले नाहीत. उलट, ज्यांचा आहार निकृष्ट त्यांनाच तो अधिक होतो, असे दिसून आले. पुढे विल्स यांनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला, तेव्हा रुग्ण स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक अम्ल, हे पुढे उघड झाले. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच त्याला हे नाव मिळाले.

आज सरकारी आरोग्य केंद्रांतून गरोदर स्त्रियांना जी गोळी मिळते, तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल असते. चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस ती रोज घ्यावयाची असते. मात्र प्रत्येक रक्तक्षय एकाच कारणाने होत नाही. मासिक पाळीतील अतिस्राव, आतड्यांतील अंकुशकृमी, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव किंवा थॅलॅसीमियासारखा आनुवंशिक दोष ही कारणेही असू शकतात. म्हणून रक्ताची तपासणी आधी व्हावयास हवी.

गोळी हाती पडली म्हणजे उपचार झाला असे नव्हे. लोहामुळे कित्येकींना मळमळते, मलावरोध होतो, शौचास काळे होते. याची आधी कल्पना नसेल तर स्त्री घाबरते आणि गोळ्या बंद करते. काळा रंग लोहाचाच असतो व तो निरुपद्रवी आहे, हे तिला आधीच सांगितले पाहिजे. मळमळत असल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी. लिंबू किंवा आवळा यांमुळे लोह शरीरात चांगले शोषले जाते, तर चहामुळे त्यास अडथळा येतो. म्हणून गोळीच्या आधी व नंतर तास-दोन तास चहा टाळावा. गोळ्या मुळीच सोसत नसल्यास किंवा रक्तक्षय तीव्र असल्यास रुग्णालयात शिरेतून लोह देता येते. हीमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातील लोहाचा साठा भरून येण्यासाठी सुमारे तीन महिने उपचार चालू ठेवावे लागतात.

रुग्ण स्त्रीला काय त्रास होतो हे विचारणे, हाही उपचाराचाच भाग होय. पानिपतचा माग असो की परळची गिरणी, कापड विणणाऱ्या स्त्रीचा थकवा हा तिच्या नशिबाचा भाग नव्हे. तो बहुधा बरा होणारा रोग आहे.