शब्दांचा माग

वयोमानाप्रमाणे मनुष्याचे अक्षर पालटते, तशी लेखकाची शैलीही पालटत असते. परंतु अक्षरातील फरक डोळ्यांना दिसतो. शैलीतील फरक चाणाक्ष वाचकाच्याही सहसा ध्यानात येत नाही. तो कथेच्या ओघात वाहत जातो. ‘पण’ किती वेळा आले आणि ‘परंतु’ किती वेळा, हे मोजीत बसत नाही. हे रुक्ष काम संगणक मात्र न कंटाळता करतो.

आयरिस मर्डॉक या इंग्रजी भाषेतील थोर कादंबरीकार. ‘अंडर द नेट’ ही त्यांची पहिली कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली. ‘द सी, द सी’ या कादंबरीस १९७८ साली बुकर पारितोषिक मिळाले. १९९५ साली आलेली ‘जॅक्सन्स डायलेमा’ ही त्यांची अखेरची कादंबरी. पुढे त्यांना अल्झायमर हा स्मृतिनाशाचा विकार जडल्याचे निदान झाले आणि १९९९ साली त्यांचे निधन झाले.

अखेरची कादंबरी लिहिली जात असतानाच या विकाराने नकळत प्रवेश केला होता काय? २००५ साली लंडनमधील संशोधकांनी या तिन्ही कादंबऱ्या संगणकाच्या साह्याने तपासल्या. मर्डॉक हाताने लिहीत आणि आपल्या लिखाणात प्रकाशकास सहसा फेरफार करू देत नसत. लेखिकेचा हा हट्ट संशोधकांच्या चांगलाच पथ्यावर पडला; कारण छापलेला शब्द त्यांचाच, असे मानता येत होते. वाक्यांची घडण तिन्ही पुस्तकांत बव्हंशी सारखीच आढळली. शब्दसंपत्ती मात्र अखेरच्या पुस्तकात आटली होती. वाक्ये शाबूत होती, म्हणूनच हे आटणे सहजासहजी कोणास जाणवण्याजोगे नव्हते.

आता हे शास्त्र केवळ मोजणीवर थांबलेले नाही. लेखकाच्या पूर्वकाळातील व उत्तरकाळातील पुष्कळ उतारे, कोणता कोणत्या काळचा हे सांगून, यंत्रास पुरवितात. त्यांतील शब्दांचे प्रमाण ताडून पाहत यंत्र दोन्ही काळांतील भेद आपणच हुडकून काढते. यास यंत्र-अध्ययन म्हणतात. मग पूर्वी न दाखविलेला उतारा देऊन त्याची परीक्षा घेतात.

तथापि येथे फसगतही होऊ शकते. समुद्रावरील कादंबरीत लाटा येणारच! म्हणून ‘आणि’, ‘तर’, ‘तो’ यांसारख्या, विषयाशी फारसा संबंध नसलेल्या शब्दांकडे अधिक लक्ष पुरवावे लागते. शिवाय प्रत्येक बदल विकारामुळेच होतो, असेही नाही. पी. डी. जेम्स या लेखिकेची कादंबरी त्यांच्या वयाच्या नव्वदीनंतरही प्रसिद्ध झाली. २०११ साली टोरांटो येथील संशोधकांनी त्यांची व मर्डॉक यांची पुस्तके ताडून पाहिली, तेव्हा जेम्स यांच्या शब्दसंपत्तीत तशी घसरण दिसली नाही.