वीकएंडला अलिबाग, सोबत ‘रेचेल’

कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत आठवडाभर राबलं, की वीकएंडला गोवा हे ठरलेलंच! यावेळी जरा वेगळा प्लॅन करा. पुणे-खोपोली-पेणमार्गे अलिबाग गाठा, समुद्राजवळच्या एखाद्या होम-स्टेत दोन रात्री राहा आणि बॅगेत एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचेल’ ही इंग्रजी कादंबरी ठेवा.

रेचेल ही कोकण किनाऱ्यावर एकटी राहणारी ज्यू बाई. गावातलं सिनेगॉग बिल्डरच्या घशात जाऊ नये म्हणून ती झगडते. प्रकरणांची सुरुवात रेसिपीने होते, तेव्हा रिकाम्या पोटी वाचू नका! २०१० मध्ये या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सकाळी पुस्तक मिटा आणि इस्रायल आळीत चक्कर मारा. ‘मागेन अबोथ’ सिनेगॉग इथेच आहे. बेने इस्रायली पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावं केहिमकर, पेणकर, रोहेकर. घरची भाषा मराठी. नवस फेडायला पोहे-गूळ-खोबऱ्याचा मलिदा. वल्हांडण सणाची त्यांची पोथी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली.

१९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. मागे राहिली घरं आणि सिनेगॉग, ती सांभाळणारे हात मात्र मोजकेच. त्यामुळे रेचेलची लढाई नुसती कादंबरीतली वाटत नाही.

सिनेगॉग बघायला आधी विचारून जा. पुरुषांनी डोकं झाकायचं. शनिवार शब्बाथचा, म्हणून ही चक्कर रविवारी ठेवा.