सुंदर नर्सरी : उद्यानाचे मोल आणि देखभालीचा भार

डिसेंबर १९११ मधील दिल्ली दरबारात देशाची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. नव्या राजधानीचे रुंद रस्ते आखले जाऊ लागले, तसा एक व्यावहारिक प्रश्न पुढे आला. दिल्लीचा कडक उन्हाळा व बोचरी थंडी सोसून या रस्त्यांवर सावली धरतील असे वृक्ष कोणते? त्यांची चाचणी घेण्यासाठी आणि रोपे तयार करण्यासाठी हुमायूनच्या मकबऱ्यालगत रोपवाटिका सुरू करण्यात आली. आवारातील सोळाव्या शतकातील ‘सुंदर बुर्ज’ या वास्तूवरून ती ‘सुंदर नर्सरी’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

पुनरुज्जीवन

कालांतराने सुमारे ९० एकरांच्या या परिसरातील मोगलकालीन वास्तूंना अवकळा आली. २००७ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, दिल्ली महानगरपालिका आणि आगा खान सांस्कृतिक न्यास यांच्यात सहकार्याचा करार झाला. भूदृश्यरचनाकार मोहम्मद शहीर यांच्या आराखड्यानुसार काम होऊन फेब्रुवारी २०१८ मध्ये उद्यान जनतेसाठी खुले झाले.

येथे सुमारे ३०० प्रकारचे वृक्ष आहेत. अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा भाग म्हणजे दिल्ली परिसरातील चार अधिवासांचा विभाग. कोही म्हणजे खडकाळ टेकडी, खादर म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, बांगर म्हणजे पुराच्या पातळीपेक्षा उंच असलेले जुन्या गाळाचे मैदान आणि डाबर म्हणजे पाणथळ जागा. वाढत्या शहराखाली झाकली गेलेली दिल्लीची मूळ भूमी विद्यार्थ्याला येथे तासाभरात समजून घेता येते.

खर्च कोणी सोसावा?

वास्तूचा जीर्णोद्धार काही वर्षांत पुरा होतो. झाडांना पाणी मात्र नित्य लागते. हा आवर्ती खर्च भागविण्याचे दोन मार्ग दिल्लीतच पाहावयास मिळतात. १९३६ मध्ये खुले झालेले लोधी उद्यान जवळपास तेवढ्याच क्षेत्रफळाचे असून तेथेही ऐतिहासिक मकबरे आहेत. त्याची देखभाल नवी दिल्ली नगरपालिका परिषद करते आणि प्रवेश विनामूल्य आहे. सुंदर नर्सरीत मात्र तिकीट घ्यावे लागते. मुंबईतही हा प्रश्न उपस्थित झाला होता. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचे प्रवेशशुल्क २०१७ मध्ये ५ रुपयांवरून ५० रुपये करण्यात आले, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने उद्यानाचे लाभ दोन प्रकारचे असतात. आत येऊन मिळणारा विरंगुळा हा भेट देणाऱ्याचा लाभ होय. हवेतील गारवा, जमिनीत मुरणारे पाणी, पक्ष्यांना मिळणारा आसरा हे लाभ मात्र कधीही आत न आलेल्या नागरिकापर्यंतही पोहोचतात. पहिल्यासाठी शुल्क आकारणे न्याय्य ठरते. दुसऱ्याचा भार सार्वजनिक निधीनेच उचलला पाहिजे. केवळ तिकिटाच्या उत्पन्नावर उद्यानाची उपयुक्तता जोखली, तर उपाहारगृहे व समारंभ वाढतील आणि वनस्पतींचा संग्रह मागे पडेल.

शुल्काला समतेची बाजूही आहे. मथुरा रोडच्या पलीकडेच निजामुद्दीनची दाट वस्ती आहे. घरात चार माणसांना नीट बसावयास जागा नसलेल्या कुटुंबास मोकळ्या जागेची गरज सर्वाधिक असते आणि चार तिकिटांचा खर्चही त्यालाच सर्वाधिक जाणवतो. म्हणूनच आठवड्यातील एक दिवस विनामूल्य प्रवेश, शालेय सहलींना सवलत आणि जमाखर्चाचा वार्षिक तपशील जाहीर करणे, या तीन अटी अशा प्रत्येक सहकार्य-करारात असाव्यात. सार्वजनिक जमिनीवरील उद्यान जनतेचे राहावे, यासाठी एवढी दक्षता आवश्यक आहे.