एक सुई सुलट, एक सुई उलट

'एवढ्या पैशांत दोन रेडिमेड स्वेटर आले असते गं!' लोकरीचं बिल बघून आईची ही पहिली प्रतिक्रिया. दुसरी भावाची, 'पुण्यात थंडी पडते तरी किती दिवस?' दोन्ही मुद्दे बिनतोड. तरीही दिवसभर लॅपटॉपसमोर बसून रात्री विणायच्या सुया हातात घेणाऱ्यांमध्ये मी सामील झालेच. आणि खरं सांगू? मफलरपर्यंत सगळं सोप्पं असतं. खरी परीक्षा सुरू होते ती घरच्यांसाठी स्वेटर विणायला घेतल्यावर!

कारण एकेकाच्या फर्माइशी. भावाला हवा काळाच रंग. रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात काळ्या लोकरीचे टाके कुणी मोजून दाखवावेत, माझ्याकडून पार्टी! ताईला 'टोचणारी लोकर नको', तर आईला 'मशीनमध्ये धुता येईल ना?' (अस्सल लोकर गरम पाण्यात घुसळली की तिचे तंतू एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटतो. त्यामुळे नाही गं, आई!) बाबांची मात्र काहीच फर्माइश नव्हती. म्हणून पहिला स्वेटर त्यांचाच.

माप घ्यायचा प्रश्नच नव्हता. आजीच्या जुन्या वहीत घरातल्या प्रत्येकाची मापं आहेत. बाबा : छाती ४१. त्यात तीन इंच सैल धरून ४४. डिझाइन इंटरनेटवरून घेतलं, अमेरिकन. त्यात ८ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या. तुळशीबागेत जाऊन ८ नंबर मागितला आणि दोन महिने रोज रात्री विणत बसले. शेवटी पाठ आणि पुढा जोडला, तर घेर भरला ३६ इंच! बाबांचा कसला, कॉलेजकुमाराचा स्वेटर.

गोची काय झाली होती? अमेरिकन ८ नंबरची सुई असते ५ मिलिमीटर जाड. आपल्याकडे चालतात जुने ब्रिटिश नंबर, त्यात ८ म्हणजे ४ मिलिमीटर. चार इंचांत १८ टाके बसायला हवे होते, माझे बसले २२.

आजीनं स्वेटर उलटसुलट करून पाहिला आणि एकच शब्द उच्चारला, 'उसव.' दोन महिन्यांची मेहनत अर्ध्या तासात पुन्हा गुंड्यावर! अक्षरशः रडू आलं. 'कापलेलं कापड परत जुळत नाही. विणलेलं उसवता येतं,' आजीचा फंडा क्लिअर होता. कुरळी झालेली लोकर लडी करून धुतली, वाळवली. झाली की सरळ!

'या खेपेला वहीतलं नको. माणसाचं माप घे.'

बाबांना उभं केलं. टेपवर आकडा आला ३७. 'नीट धर,' आजी म्हणाली. पुन्हा ३७. आम्ही सगळे गप्प. एका घरात राहतो, रोज रात्री एकत्र जेवतो, आणि माणूस चार इंचांनी उतरला तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं! 'अगं, रिटायर झाल्यापासून चालणं वाढलंय,' बाबा म्हणाले. आईनं दुसऱ्याच दिवशी त्यांना रक्त तपासायला नेलं. शुगर निघाली, चांगलीच वाढलेली. वजन असं आपोआप उतरणं हेही तिचं लक्षण असू शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता औषधं आणि पथ्य सुरू आहे.

दुसरा स्वेटर ४० इंचांचा झाला. डावी बाही किंचित लांब आहे, बाबा ती दुमडून घेतात. थंडी असो-नसो, पहाटे फिरायला जाताना तोच अंगात असतो आणि कुणी विचारलं नाही तरी 'मुलीनं विणलाय' हे सांगून होतं. आजीनं वहीतलं ४१ खोडलं नाही, शेजारी ३७ लिहिलं. आता दर दिवाळीला सगळ्यांचं माप घ्यायचं, अशी तिची ऑर्डर आहे.

सुया हातात घेताय? मग हे लक्षात ठेवा...

* सुईचा नंबर नको, मिलिमीटर बघा.
* आधी चार इंचांचा चौकोनी नमुना विणा आणि टाके मोजा. आळस कराल तर उसवाल!
* लोकर एकदमच घ्या. नंतर आणलेल्या गुंड्याची छटा वेगळी निघू शकते.
* बाळांचं थोडं मोठंच विणा, तुमच्या सुयांपेक्षा बाळाचा वेग जास्त असतो.
* आणि माप? ते माणसाला समोर उभं करूनच घ्या.