मातीतील बुरशी आणि वनाची बहुविधता

इंदापूर आणि बारामती तालुक्यांतील डाळिंबाच्या बागाईतदारांस मातीतल्या बुरशीची ओळख करून देण्याचे कारण नाही. झाडाच्या एखाद्या फांदीची पाने पिवळी पडू लागतात, ती फांदी वाळते, पाठोपाठ सबंध झाड उभ्या उभ्या वाळून जाते, आणि खोड आडवे कापून पाहिले असता आतील लाकडावर काळपट-तपकिरी, चांदणीच्या आकाराचे डाग पसरलेले दिसतात. सेरॅटोसिस्टिस फिंब्रियाटा या बुरशीमुळे होणारा हा ‘मर’ रोग एका झाडावरून ओळीतील शेजारच्या झाडाकडे सरकत जातो, आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीची बाग डोळ्यांदेखत विरळ होते. ज्याने हे नुकसान सोसले, त्याने मातीतील रोगजंतू हे वनस्पतिमात्राचे वैरी आहेत, आणि अरण्ये हिरवीगार राहतात ती तेथील माती निर्मळ असते म्हणूनच, असा ग्रह करून घेतला तर त्यात नवल नाही. तथापि हा ग्रह चुकीचा आहे. अरण्याची माती अशा जंतूंनी भरलेली असते, आणि वृक्षांच्या अनेक जाती एकत्र नांदतात त्याच्या कारणांपैकी एक कारण हे जंतूच आहेत.

आईच्या सावलीत पडलेले बी सर्वांत सुरक्षित, ही समजूतही अशीच रूढ आहे. वस्तुतः मातृवृक्षाच्या मुळांभोवती त्याच जातीवर उपजीविका करणारे जंतू वर्षानुवर्षे साठत गेलेले असतात आणि तळाशी दाट उगवलेली रोपे त्यांच्या तावडीत आयतीच सापडतात. डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मातृवृक्षाजवळ त्याचे शत्रू रोपांना जगू देत नाहीत, हा विचार मांडला. त्यांचा रोख मुख्यत्वे बिया आणि रोपे खाणाऱ्या प्राण्यांवर व कीटकांवर होता. मातीतील जंतूंचा ठळक दाखला पुढे २००० साली अमेरिकेतील इंडियाना राज्यातून मिळाला. अॅलिसा पॅकर आणि कीथ क्ले यांनी तेथील काळ्या चेरीच्या झाडाखालची माती निर्जंतुक करून तीत रोपे वाढविली, तेव्हा ती कितीतरी अधिक संख्येने जगली. झाडापासून दूरच्या मातीत मात्र निर्जंतुकीकरणाने तसा फरक पडला नाही. त्या झाडाखालचा अपराधी होता पिथियम. भाजीपाल्याच्या गादीवाफ्यावर रोपे कोलमडतात, त्यामागेही बहुधा याच गोत्रातील जंतू असतात: जमिनीलगतचा देठ पाणचट होतो, सुतासारखा बारीक पडतो, आणि पाने अजून हिरवी असतानाच रोप आडवे होते.

रोग सर्वांना सारखाच मारतो, मग त्याने विविधता वाढेल कशी, अशी शंका येथे कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. परंतु रोग सर्वांना सारखा मारीत नाही. पुष्कळ जंतू अनेक जातींत शिरू शकतात हे खरे, पण त्यांचा मारा जातीजातींवर कमीअधिक बसतो. जी जात एखाद्या जागी बहुसंख्य झाली, तिचे जंतूही तेथे बहुसंख्य होतात, आणि तिची पुढची पिढी त्याच जागी तग धरू शकत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत अल्पसंख्य जातीच्या रोपास मुभा मिळते. बेलीझ देशातील अरण्यात बुरशीनाशक फवारल्यावर रोपांची जातिविविधता घटली, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखविले. आपल्या पश्चिम घाटातील, कर्नाटकाकडच्या तुटक झालेल्या अरण्यांतही असेच प्रयोग झाले. त्यांवरील २०१८ च्या निबंधाप्रमाणे, अरण्याच्या कडेला कीटक आणि बुरशी यांचा हा विविधता राखणारा प्रभाव क्षीण होतो. म्हणजे अरण्याचे तुकडे पाडले की झाडांबरोबर त्यांच्यातील हा अदृश्य बंदोबस्तही विस्कटतो, आणि नकाशावर हिरवा दिसणारा पट्टा आतून दरिद्री होत जातो. या हानीची गणती कोणत्याही सरकारी दप्तरात होत नाही, याची मला फार खंत वाटते.

याचा अर्थ डाळिंबाच्या बागेत मर रोगास मोकळीक द्यावी असा नव्हे. बागेत एकाच जातीची, बहुधा एकाच वाणाची कलमे ओळीने लावलेली असतात. जंतूला एक झाड मारून थांबण्याचे कारणच उरत नाही. शिवाय सर्व बुरशी घातक हीदेखील भ्रांतीच आहे: ट्रायकोडर्मा रोगकारक बुरशींना आवर घालते, हे आपल्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे, आणि कित्येक वृक्षांच्या मुळांशी सहजीवनाने राहणारी बुरशी त्यांस स्फुरद मिळवून देते.

राहता राहिला आपल्या मुलखाचा प्रश्न. पिथियमचे बीजाणू मातीतील पाण्याच्या पापुद्र्यातून पोहत मुळापर्यंत जातात. त्यामुळे त्यांचे राज्य ओलाव्यावर चालते. बारामती आणि इंदापूर हा पर्जन्यछायेचा, वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पावसाचा प्रदेश. नीरेच्या कालव्याखालच्या बागाईत जमिनीत या जंतूंना पाणी आहे. माळावर मात्र रोपाचे भवितव्य बहुतांशी दुष्काळ, उथळ मुरूम, वणवा आणि चराई यांच्याच हाती असते. माळेगाव खुर्द येथे २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली, ती दुष्काळासारख्या निर्जीव ताणांच्या अभ्यासासाठी. म्हणून वर्षारण्यांतील निष्कर्ष उचलून, ‘विविधतेसाठी माळावर मिश्र झाडी लावा’ असा आग्रह धरणे हा आणखी एक गैरसमज ठरेल. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आहे. ते, शिर्सुफळ आणि कडबनवाडी येथील माळ म्हणजे उजाड झालेली अरण्ये नव्हेत. चिंकारा आणि लांडगा यांना तेथे उघडे गवत हवे असते, आणि अधूनमधून उभी असलेली बोर, हिवर वा बाभूळ एवढीच झाडी त्या भूमीस पुरेशी आहे.